तीस सेकंद आणि एक कुकर

लहान दुकानदाराला टीव्हीवर झळकायचं असतं, पण खर्च मात्र हँडबिलाइतकाच करायचा असतो. त्या दोन टोकांमध्ये लोंबकळणं हा माझा धंदा. लोकल केबल चॅनेलसाठी मी जाहिराती बनवतो.

रविवार पेठेतल्या भांडीवाल्या काकांना स्क्रिप्ट वाचून दाखवली.

"यात आजोबांचा फोटो कुठाय? दोन्ही फोन नंबर? कल्हई करून मिळते, जुन्याची मोड घेतो, उधारी बंद, हे कधी सांगणार?"

तीस सेकंदांत समजेल असं बोललं तर साठ-सत्तर शब्द मावतात. काकांचा पत्ताच त्यातले बरेच खातो. एका जाहिरातीत एकच गोष्ट सांगावी, हे मी कागदावर लिहून दिलं. काकांनी कागद उलटा करून मागे आणखी मुद्दे लिहिले. "१९७६ पर्यंत टीव्हीवर जाहिरातीच नव्हत्या, तरी आमची भांडी खपतच होती," हेही सुनावलं. मध्ये दोन सेकंद कोणीच बोलत नाही, हे लक्षात आल्यावर म्हणाले, "मग तेवढे पैसे कमी करा."

शूटिंग अर्थातच एक ते चार. मॉडेल म्हणून काकांची सून, रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोल. पण स्टील कोणाचं ऐकत नाही. प्रत्येक पातेल्यात आमचा कॅमेरामन दिसायचा, तोही पोट सुटलेला. घागरीत मी, परातीत लाइट आणि एका चकचकीत डब्यात खुद्द काका, "झालं का?" विचारताना. यावर उपाय एकच: भांड्याभोवती पांढरं कापड लावायचं आणि लेन्सपुरतं भोक पाडायचं. काकूंनी चादरी दिल्या. भोकाची भरपाई किती, यावर मात्र चर्चा इतकी लांबली की ऊन फिरलं. शेवटी दोन चादरींच्या फटीतून लेन्स घातली.

खरी करामत आवाजात होती. मालिकेत ब्रेक लागला की माणसं उठून आत जातात. पडद्यावर कितीही चकाकी दाखवा, बघायला असतं कोण? म्हणून सुरुवातीलाच कुकरची खणखणीत शिट्टी घातली. ती आतपर्यंत पोचते, आणि फुकट मिळते.

जाहिरात दिवाळीच्या तोंडावर लागली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उरलेले पैसे मागायला गेलो.

"ही गर्दी धनत्रयोदशीची," काका म्हणाले. "तुमच्या जाहिरातीचा परिणाम आमच्या घरात बघा. ही आत असते, टीव्हीतली शिट्टी मोजते आणि गॅस बंद करते. रोज वरण कच्चं!"

याहून भक्कम पुरावा मला कुठल्या सर्व्हेत मिळाला नसता. मी तसं बोलूनही दाखवलं. काकांनी शांतपणे बिल पुढे ओढलं आणि त्यातून तुरीच्या डाळीचे पैसे वजा केले.