‘देव दिलेला शब्द फिरवतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या महिनाभरात व्हॉट्सअॅपवर फिरणारा एकच मजकूर मला पाच जणांनी पाठवला. चौघांनी नुसताच पुढे ढकलला होता. पाचवी आमच्या नाशिकमधल्या शरणपूरच्या बायबल-अभ्यासाला येणारी बारावीतली मुलगी. तिनं खाली लिहिलं होतं, “ताई, हे वाचल्यापासून प्रार्थनेला बसले की मन लागत नाही. देवानं माझ्याबद्दलचाही शब्द मागे घेतला तर?” हे उत्तर तिच्यासाठी आहे, आणि तिच्यासारखे जे गप्प राहिले असतील त्यांच्यासाठीही.

मजकूर थोडक्यात असा. देवानं नोहाला सांगितलं की पुन्हा नाश करणार नाही, आणि मग सदोम जाळलं. अब्राहामाला वंशाचं अभिवचन दिलं, आणि सीनाय पर्वताच्या पायथ्याशी त्याच वंशाला भस्म करायला निघाला. दाविदाला कायमचं सिंहासन दिलं, आणि ते बाबेलच्या (बॅबिलोनच्या) पायाखाली गेलं. निनवे शहराला 40 दिवसांची मुदत दिली आणि मुदत संपल्यावर काहीच केलं नाही. एली याजकाच्या घराण्याला दिलेला शब्द तर स्वतःच्या तोंडानं मागे घेतला. म्हणून अशा देवाच्या अभिवचनावर विसंबता येत नाही.

यातले पहिले चार मुद्दे अर्धवट वाचनावर उभे आहेत. पाचवा खरंच अवघड आहे. त्याला मी बगल देणार नाही.

नोहाचं आधी घेते. उत्पत्तीच्या 9व्या अध्यायातलं 11वं वचन उघडून पाहा. जलप्रलयाच्या पाण्यानं सर्व प्राण्यांचा नाश पुन्हा होणार नाही, एवढंच तिथं म्हटलंय. कुठल्याच गावावर कधीच न्याय येणार नाही, असा शब्द तिथं नाही. आपल्या नाशिकच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, 2008 साली पूर आला, 2016 साली आला, दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं. तेव्हा नोहाचा करार मोडला असं आपल्यापैकी कुणाला वाटलं नाही. आणि सदोमचा न्याय गुपचूप झालेला नाही. देवानं तो आधी अब्राहामाला सांगितला, आणि 50 नीतिमानांपासून 10 पर्यंत उतरत गेलेली अब्राहामाची विनवणी ऐकून घेतली.

याच गोष्टीत एक जागा मला फार मोलाची वाटते. प्रलयाच्या आधी, 6व्या अध्यायात, माणसाच्या मनातले विचार वाईटच असतात हे प्रलयाचं कारण म्हणून सांगितलंय. प्रलयानंतर 8व्या अध्यायात ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणताना देव परत तीच गोष्ट बोलतो, माणसाचं मन बालपणापासून वाईट आहे. म्हणजे माणूस सुधारला म्हणून हे अभिवचन मिळालं नाही. तो कसा आहे हे पुरतं ठाऊक असताना मिळालं. आमच्या मुलीनं ही दोन वचनं शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

आता सीनायच्या पायथ्याशी लोकांनी देव म्हणून पूजलेलं सोन्याचं वासरू. निर्गम 32मध्ये देव मोशेला म्हणतो, आता मला अडवू नकोस, मी यांना भस्म करतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. मजकूर इथंच थांबतो. पण या क्षणापर्यंत मोशेनं तोंडही उघडलेलं नाही. अडवत कुणीच नाही. ज्याला करूनच टाकायचं असतं तो ‘मला अडवू नकोस’ असं म्हणत बसत नाही. या शब्दांतच मध्ये पडायला जागा ठेवलेली आहे, आणि मोशे त्या जागेत उभा राहतो. तो लोकांची बाजू सावरत नाही, ते चांगले आहेत असं म्हणत नाही. तो मिसरी लोक काय म्हणतील हे विचारतो, आणि अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांना स्वतःची शपथ वाहून दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो. धमकीपुढे अभिवचन धरायचं असतं, हे त्याला कळलं होतं. देव ते ऐकतो. न्याय टळला असंही नाही, त्या दिवशी 3000 माणसं पडली. पण राष्ट्र पुसलं गेलं नाही.

गणना 14मध्ये हेच आणखी उघड दिसतं. हेर परत आल्यावर लोकांनी बंड केलं, तेव्हा 20 वर्षांवरची सगळी पिढी रानात संपेल असा निकाल झाला, कालेब आणि यहोशवा सोडून. मग देश देण्याच्या शब्दाचं काय झालं? ‘आमची पोरं लुटीला जातील’ असं जे लोक रडत होते, त्यांचीच पोरं 40 वर्षांनी त्या देशात गेली. अभिवचन वंशाला होतं, ते वंशाला पोचलं. त्यातला आपला वाटा त्या पिढीनं गमावला. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या नाहीत, तर अख्खं शास्त्र परस्परविरोधी वाटणारच.

दाविदाच्या मुद्द्यावर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण मजकूर लिहिणाऱ्यानं इथं 2 शमुवेल 7मधलं 16वं वचन दिलंय आणि 14वं गाळलंय. कायमच्या सिंहासनाचा शब्द देतानाच देव सांगतो, तुझ्या वंशजानं अधर्म केला तर मी त्याला माणसांच्या काठीनं शिक्षा करीन, पण माझी कृपा त्याच्यावरून काढून घेणार नाही. काठी नंतर सुचलेली नाही. ती अभिवचनाच्याच वाक्यात आहे. लेवीय 26चंही तसंच. तो अध्याय शिक्षांनी इतका भरलेला आहे की मोठ्यानं वाचायला आवाज निघत नाही. पण त्याचा शेवट पाहा. शत्रूच्या देशात असतानाही मी त्यांना टाकून देणार नाही, माझा करार मोडणार नाही, असं तिथं लिहिलंय.

माझ्या मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. लहानपणी एप्रिलच्या सुट्टीत तिकडे गेलं की खरड छाटणी चाललेली असायची. सात-आठ माणसं कात्र्या घेऊन एकेका ओळीत शिरायची. जिनं नुकताच माल दिला त्या काडीला ओलांड्याजवळ, म्हणजे तारेवर पसरलेल्या जाड फांदीजवळ, एखादा डोळा ठेवून बाकी सगळी कापायची. दुपारपर्यंत मांडव उघडा पडायचा, खाली काड्यांचे ढीग, वर तारांवर नुसते तपकिरी ओलांडे आणि ऊन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडले होते, मामांनी बाग मारली म्हणून. मामा म्हणाले, “बाग तोडायची असती तर जेसीबी आणला असता, कात्री कशाला?” दोन आठवड्यांनी त्याच डोळ्यांतून पोपटी फुटवे आले होते. नाशिक जिल्ह्यात ‘बाग छाटली’ आणि ‘बाग तोडली’ यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

यशया संदेष्टा हाच फरक बोलतो. 5व्या अध्यायात द्राक्षमळ्याचं कुंपण काढून टाकीन असा कठोर शब्द आहे. 27व्या अध्यायात तोच मळा देव रात्रंदिवस राखतो. आणि 11व्या अध्यायात इशायाच्या, म्हणजे दाविदाच्या वडिलांच्या, बुंध्यातून धुमारा फुटतो. बुंधाच का? कारण वरचं झाड कापलं जाणार हे संदेष्ट्याला आधीच दिसत होतं.

यरुशलेमेत जे झालं ते मी छाटणीच्या दाखल्यानं लहान करत नाही. इ.स.पू. 587च्या सुमारास मंदिर जळालं, लेकरं उपाशी मेली. विलापगीत वाचताना घशाशी येतं. मजकुराचा प्रश्न तर 89व्या स्तोत्राच्या कर्त्यानं आधीच विचारलाय. तू तुझ्या सेवकाशी केलेला करार झिडकारलास, असं तो देवाला तोंडावर म्हणतो, आणि ते स्तोत्र शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. पण इ.स.पू. 597मध्ये पकडून नेलेला राजा यहोयाखीन बाबेलात मेला आणि वंश बुडाला, असंही झालं नाही. 2 राजेचा शेवट पाहा. बंदिवासाच्या 37व्या वर्षी त्याला तुरुंगातून बाहेर काढतात, रोज राजाच्या पंक्तीला बसवतात. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या शिधावाटपाच्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या या राजाचं नाव आहे, सोबत त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ या बंदिवान राजावरूनच येशूपर्यंत येते. मांडव उघडा पडला होता, ओलांड्यावर डोळा शिल्लक होता.

निनवेचा मुद्दा सोपा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडायचं ठरलं की नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित जागी जावं अशी सूचना निघते. ती ऐकून लोकांनी सामान हलवलं आणि कुणाचं नुकसान झालं नाही, तर सूचना खोटी ठरली असं आपण म्हणत नाही. ती त्यासाठीच होती. निनवेत तर पाणीच अडवलं गेलं, कारण ते ज्याच्या हातात होतं तो ऐकणारा आहे. निनवेला हा इशारा द्यायला पाठवलेल्या योना संदेष्ट्याला हे पक्कं माहीत होतं. तू कृपाळू आहेस, अरिष्ट आणण्यापासून परावृत्त होतोस, हे ठाऊक होतं म्हणूनच मी पळालो, असं तो 4थ्या अध्यायात चिडून सांगतो. यिर्मया 18मध्ये, कुंभाराच्या चाकाजवळ, हा नियम देवानं स्वतः उघड केलाय. एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असं मी म्हटलं आणि ते राष्ट्र वळलं, तर मीही वळेन. दाविदाच्या वंशातल्या हिज्कीया राजाचंही हेच. ‘तू मरणार’ हा निरोप आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि त्याला 15 वर्षं मिळाली. त्याच्यामागून गादीवर बसलेला मनश्शे तेव्हा 12 वर्षांचा होता. म्हणजे दाविदाचं सिंहासन पुढं नेणारा मुलगा त्या वाढीव वर्षांतच जन्माला आला. धमकी मागे घेतली गेली ती अभिवचनाच्याच कामी आली.

आता एली. 1 शमुवेल 2मधलं 30वं वचन. तुझं घराणं माझ्यासमोर सर्वकाळ चालेल असं मी म्हटलं होतं खरं, पण आता ते माझ्यापासून दूर असो. मजकुरानं हे बरोबर उद्धृत केलंय. अहरोनाचा वंश सादोकाच्या शाखेतून पुढं चालला, एलीची शाखा शलमोन राजानं तिच्यातल्या अब्याथार याजकाला काढून टाकलं तेव्हा तुटली, असं उत्तर पुष्कळ जण देतात. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. एलीच्या घराण्याला दिलेला शब्द खरोखर मागे घेतला गेला आहे. यिर्मया 18चा नियम दोन्ही बाजूंनी चालतो, चांगलं करीन असं म्हटलेलंही मागे घेतलं जातं, आणि आपण मंडळीत (चर्चमध्ये) सहसा पहिली बाजूच वाचतो.

पण तो शब्द का मागे घेतला, हे मजकुरानं सांगितलं नाही. एलीची मुलं यज्ञाच्या भांड्यात त्रिशूळी आकडा खुपसून मांस ओढून घेत, चरबी जळायच्या आत कच्चं मांस जबरदस्तीनं मागत, दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी सेवा करणाऱ्या बायकांना नासवत. देवाच्या दारी आलेली गरीब माणसं रिकाम्या हातानं आणि अपमानित होऊन परत जात. देवानं या घराण्याचं पद तसंच टिकवलं असतं, तर त्या माणसांना दिलेला शब्द मोडला असता. याजकपद हे लोकांसाठी सोपवलेलं काम होतं. अब्राहामाशी झालेला करार तसा नव्हता. उत्पत्ती 15मध्ये कापलेल्या जनावरांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल जाते, आणि त्या वेळी अब्राहाम गाढ झोपेत असतो. त्या कराराची अट पाळायला दुसरं कुणी उभंच नव्हतं. पदाचा शब्द आणि शपथेचा शब्द या दोन्हींना शास्त्र एका तराजूत घालत नाही. ज्यांच्याकडे मंडळीत पद आहे, माझ्यासकट, त्यांनी एलीचं वचन वाचून घाबरावं. बारावीतल्या मुलीनं घाबरू नये.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही. रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो आणि 1 शमुवेलचा दुसरा अध्याय तिनंच मोठ्यानं वाचला. 21व्या वचनाशी ती थांबली. “ताई, एलीनं शमुवेलाच्या आईला, हन्नाला, आशीर्वाद दिला होता ना? तो फळला की. तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या तिला.” मी बोट ठेवून पाहिलं. एलीच्या घराचा निकाल त्याच पानावर नऊ वचनं खाली होता, आणि त्याच एलीच्या तोंडून हन्नाला मिळालेला शब्द जसाच्या तसा पुरा झाला होता. इतकी वर्षं मी हा अध्याय शिकवते आहे. ही दोन वचनं इतकी जवळ आहेत हे मला तिनं दाखवलं.