"माझंच रक्त मलाच विकलं" या रिव्ह्यूवर आमच्याकडून

नमस्कार. तुमची फाईल इथे उघडणार नाही, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. तुमचं म्हणणं असं: टाचेच्या वरच्या टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्माचं इंजेक्शन घेतलं, नंतर चार दिवस पाय टेकवेना, फोन करून पेनकिलर विचारली तर नाही म्हणाले, दोन महिने झाले तरी फरक नाही, आणि वर माझंच रक्त मलाच विकलं.

रक्ताचं खरंय, तुमचंच असतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळट प्लाझ्मा राहतो, त्यातला प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) जास्त असलेला भाग घेऊन सोनोग्राफीवर बघत टेंडनच्या खराब जागी सोडतो. त्यातले ग्रोथ फॅक्टर (पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनं) दुरुस्ती सुरू करतील ही आशा. नंतर काही दिवस ठणकतं, ते बहुतेकांना होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक बंद ठेवायला सांगतो कारण या गोळ्या प्लेटलेट्सचंच काम दाबतात, पण पॅरासिटामोल चालली असती, आणि ते न सांगता नुसतं "नाही" म्हणून फोन ठेवला गेला ही सरळसरळ आमची चूक. सॉरी.

पण त्याहून मोठी चूक तुम्ही लिहिलेलीच नाही. टाचेच्या टेंडनसाठी पीआरपीचा पुरावा कच्चा आहे. 2021 मध्ये जामा जर्नलमध्ये 240 पेशंटची ट्रायल आली, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना नुसती सुई टोचून काहीच न सोडता, सहा महिन्यांनी दोन्हीकडे सारखंच. टेनिस एल्बोत (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या टेंडनचं दुखणं) काही ट्रायल्स बऱ्या आहेत काही नाहीत, म्हणजे तिथेही छातीठोक बोलता येत नाही. हे तुम्हाला सुई घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं, आणि आमच्या रिसेप्शनवर मात्र "स्वतःच्या रक्ताने बरे व्हा" असं पोस्टर (मीच छापून घेतलेलं, काल काढलं).

फसवणूक म्हणालात ते मान्य नाही, पण अर्धवट सांगितलं हे मान्य. फी परत करतोय. दुसरं इंजेक्शन घ्या असं कुणी आमच्याकडून म्हणालं तरी घेऊ नका.

पायरीवर उभं राहून टाच खाली न्यायचा व्यायाम दिला होता, तो तुम्ही आठवड्यात सोडला असं लिहिलंय, दुखतं म्हणून. थोडं दुखलं तरी चालतं त्यात, आणि निदान बारा आठवडे लागतात, हेही बहुतेक नीट सांगितलं गेलं नसणार. एकदा येऊन जा, पैसे नकोत, टाच किती सावकाश खाली नेताय तेवढंच बघायचंय, तो व्यायाम सावकाशच करायचा असतो.