शनिवारची मैफल भैरवीशिवाय संपली, त्याबद्दल

नमस्कार सर,

आपला अभिप्राय वाचला. एक तारा देऊन आपण लिहिलंत, ‘नियोजनशून्य महोत्सव. कार्यक्रम तासभर उशिरा, मध्ये अर्धा तास नुसती फळ्यांची आदळआपट, आणि ज्यांच्यासाठी ५०० रुपये मोजले त्या बुवांना अर्ध्या तासात चिठ्ठी पाठवून उठवलं. समारोपाची भैरवीसुद्धा नाही. यांना फक्त तिकिटं खपवायची असतात.’ आपला विरस झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. चहाच्या रांगेचं लिहिलंत तेही खरं आहे. एका स्टॉलला ती गर्दी झेपली नाही.

पण ‘बुवांना उठवलं’ हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्या वेळा आमच्या रेकॉर्डिंगवर आहेत. साडेपाचला दीपप्रज्वलन झालं, सतार ५.५२ ला सुरू झाली. मधली २२ मिनिटं देणगीदारांच्या सत्कारात गेली, ती चूक आमची. पण तासभर नाही, सर. आणि राग मानू नका, आपलं तिकीट गेटवर ७.४० ला स्कॅन झालंय. तेव्हा कथक सुरू होऊन पाव तास झाला होता. सुरुवात किती वाजता झाली हे आपण पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलेलं आहे.

फळ्यांचं म्हणाल, तर कथकला पायाखाली लाकूड लागतं आणि गाण्याला बैठकीचा चौथरा. त्या फळ्या उचलून चौथरा मांडायला, गालिचा अंथरायला आणि माइक बदलायला आमच्या सहा पोरांना २४ मिनिटं लागली. त्यात तबला पुन्हा सुरात लावावा लागला, कारण दुपारच्या उन्हात लावलेला तबला रात्री दव पडलं की उतरतो. नृत्य आधीच का नाही ठेवलं, असं आपण विचारलंत. साडेपाचला उजेड असतो, त्यात रंगमंचावरची प्रकाशयोजना दिसतच नाही. शिवाय जानेवारीत इथे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि सतारीवर पूरिया धनाश्री वाजायची होती. तो संधिप्रकाशाचा राग. तो आठ वाजता ऐकवला असता तर याच मिरजेतल्या जाणकारांनी मला उभं केलं नसतं. म्हणून आधी सतार, मग नृत्य आणि मग गाणं. हा क्रम ठरवायला चार महिने कागद खोडत होते.

आता चिठ्ठी. ती माझ्याच हातची. ९.४६ ला हारवाल्याच्या बिलाच्या पाठीवर लिहिली, ‘बुवा, १० मिनिटं’. पेटीवाल्यांनी ती डाव्या हाताशी अलगद धरली. बुवांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली आणि मान हलवली. बुवा ८.५२ ला बसले होते आणि ९.५६ ला थांबले. म्हणजे ६४ मिनिटं. बागेश्री रागच ५० मिनिटं झाला, संथ विलंबित आणि जलद द्रुत दोन्ही. त्यानंतर भैरवी घ्यायची होती, पण श्रोत्यांतून अभंगाच्या फर्माईशी आल्या आणि बुवांनी त्यांचा मान राखला. दोन मिनिटांत उरकलेली भैरवी त्यांना नको होती. भैरवीशिवाय मैफल संपली याचं वाईट आपल्याला वाटलं तसं मलाही वाटलं.

१० नंतर का गाऊ दिलं नाही? ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही. १२ वाजेपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सणांना जातात. आपण लिहिलंत, माइक बंद करून गाऊ द्यायचं होतं. पण नियमात आता वाद्यांचाही उल्लेख आहे. परवाना माझ्या नावावर आहे आणि ९.४० पासून हवालदार साउंडच्या टेबलापाशी उभे होते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, पूर्वी तिथे पहाटेपर्यंत गाणं चालायचं. तिथेही रात्रभराच्या बैठकी राहिल्या नाहीत, मग माझी काय कथा? बंद नाट्यगृहात १० चं बंधन नसतं हे मलाही माहीत आहे, पण सलग तीन दिवस नाट्यगृह आम्हाला मिळालं नाही.

आणि तिकिटं खपवण्याबद्दल. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला संगीत-नृत्याच्या कार्यक्रमात जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणून चार वर्षं ५०० च ठेवलंय, खर्च वाढला तरी. बाबांचा मंडप-स्पीकरचा धंदा होता, तो मी चालवते आणि लग्नसराईत मिळालेलं या तीन दिवसांत घालते. तानपुरे सतारमेकर गल्लीतून येतात, त्यांचंही भाडं असतं. ज्या गावात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथे गाण्याचा धंदा केला असं माझ्याबद्दल कुणी म्हणावं, हे सोसत नाही. शिवाय लोक हेच पान पाहून लग्नाचा मंडप ठरवतात. आपल्या अभिप्रायानंतर एका घरातून फोन आला, ‘ताई, तुमच्याकडे वेळेचं जरा बघावं लागेल ना?’

पुढच्या वर्षी सत्कार आटोपशीर करू, क्रमाचाही काही विचार करू, चहाचंही बघतो.

तारा एकच राहू द्या, सर. फक्त ‘बुवांना उठवलं’ हे वाक्य काढलंत तर उपकार होतील. बुवांचे शिष्य हे पान वाचतात, आणि वयाच्या ७८ व्या वर्षी पाच तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाच्या कानावर ते जायला नको.