पेन्सिल, बादली आणि ड्रिल: फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघं तर रविवारी कळंबा तलावावर माझ्याच शेजारी गळ टाकून बसलेले असतात, तोंडानं सांगायचं सोडून फॉरवर्ड करतात. मेसेज थोडक्यात असा: गळाच्या काठीवरच्या रिळावर लाईन, म्हणजे मासे धरायचा दोरा, चढवायची आणि उतरवायची जी काय साधनं विकतात ती सगळी लूट आहे. नव्या लाईनच्या बंडलात पेन्सिल घाला नाहीतर बंडल पाण्याच्या बादलीत टाका, पीळ येतच नाही. घाई असेल तर हँडलला ड्रिल लावा. स्पूल, म्हणजे रिळातली लाईन गुंडाळायची फिरकी, काठोकाठ भरा, लांब जातं. लाईन वळवळायला लागली की उकळत्या पाण्यात टाका. आणि जुनी लाईन ब्लेडनं कापून पाण्यात सोडा, कुजते. खाली ‘तीस वर्षांचा अनुभव’ म्हणून लिहिलंय, कुणाचा ते नाही.

आधीच सांगतो, मी काय साधनं विकत नाही. बंडल धरायचा माझा स्टँड उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्याकडनं करून घेतलाय, भंगारातली दोन बेअरिंगं, एक स्प्रिंग, एक बोल्ट आणि टेबलाला आवळायचा शिकंजा, आणि त्यानं ‘हे नक्की कशाला पाहिजे?’ हे तीनदा विचारून शेवटी फक्त चहावर भागवलं. त्यामुळं ‘महागडं घेऊ नका’ एवढंच त्या मेसेजमध्ये असतं तर मीच तो पुढं पाठवला असता.

पहिला मुद्दा पेन्सिलचा, आणि इथं जरा थांबायला लागेल कारण सगळा घोळ इथनंच सुरू होतो. रिळं दोन जातीची. एकात स्पूल स्वतः फिरतो, ते बेटकास्टर, आपली पतंगाची चक्री असते अगदी तसं. दुसऱ्यात, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांकडं असतं त्या स्पिनिंगमध्ये, स्पूल जागेवर उभा आणि तारेची कमान त्याच्याभोवती फिरून लाईन गुंडाळते. चक्रीसारखं जे आहे त्याला पेन्सिल एकदम बरोबर, बंडल फिरतंय, स्पूल फिरतोय, पीळ यायचं कारणच नाही. पण स्पिनिंगमध्ये कमानीच्या प्रत्येक फेऱ्याला लाईनमध्ये एक पीळ पडतो, बंडल पेन्सिलवर कितीही गुळगुळीत फिरू दे. आकडा बघा, स्पूलचा सरासरी व्यास साडेचार सेंटीमीटर धरला तर एका वेढ्यात १४ सेंटीमीटर लाईन जाते, म्हणजे १०० मीटरला ७०० च्या आसपास वेढे आणि तेवढेच पीळ. ‘येतच नाही’ म्हणणाऱ्यानं हे ७०० कुठं ठेवले?

हे मी इचलकरंजीच्या माझ्या आतेभावाला सांगायला गेलो, त्याचे यंत्रमाग आहेत, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, दादा, बॉबिन फिरवून सूत काढलं की पीळ नाही आणि उभी ठेवून टोकाकडनं ओढलं की प्रत्येक वेढ्याला एक पीळ, हे आमच्याकडं पोरांना शाळेत जायच्या आधी कळतंय. आणि गंमत अशी की हे स्पिनिंग रीळ मुळात सूतगिरणीच्या डोक्यातनंच आलंय. १९०५ साली ज्यानं त्याचं पेटंट घेतलं तो आल्फ्रेड इलिंगवर्थ इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा, कापडधंद्यातला माणूस, गिरणीतल्या बॉबिनीवरनं सूत सुटताना बघून त्याला ते सुचलं. त्याच्याही आधी १८८४ मध्ये स्कॉटलंडच्या मॅलॉकनं एक रीळ काढलं होतं, फेकताना स्पूल आडवा वळवायचा आणि ओढताना परत सरळ करायचा, आणि त्यात लाईनला एवढा पीळ पडायचा की स्पूल उलटा करून बसवायची सोय द्यावी लागली. म्हणजे हे दुखणं सव्वाशे वर्षांच्या वरचं आहे, आणि औषध म्हणून मेसेजवाला पेन्सिल देतोय.

आता खरं बोलायचं तर पेन्सिलनं पडलेला पीळ कास्ट करताना, म्हणजे गळ लांब फेकताना, बराचसा सुटतो, कारण लाईन स्पूलच्या काठावरनं वेढे सोडत जाते तेव्हा तोच पीळ उलटा उलगडतो. म्हणून पेन्सिल काय मोठं पाप नाही, मीही वर्षानुवर्षं तेच केलं. खरं वाटोळं होतं ते बंडल जमिनीवर चुकीच्या बाजूनं आडवं टाकून टोकाकडनं ओढलं की, कारण तेव्हा बंडलाचा पीळ आणि कमानीचा पीळ एकाच दिशेनं पडत जातात. ठिबकचं बंडल ज्यानं शेतात चुकीच्या टोकानं ओढलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. उपाय फुकट आहे: दहा-पंधरा वेढे गुंडाळा, थांबा, लाईन सैल सोडा. वेटोळी घालायला लागली तर बंडल उलटं करा, लेबलची बाजू वर होती तर खाली. परत दहा वेढे, परत बघा.

आणि अजून एक, ज्याचं त्या मेसेजमध्ये नावही नाही. मासा ड्रॅग (म्हणजे जोर वाढला की लाईन सोडणारा रिळाचा ब्रेक) खेचत असताना वेड्यासारखं हँडल फिरवत बसणारे जे आहेत ना, पाच-एकच्या (हँडलचा एक फेरा, कमानीचे पाच) रिळात हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ लाईनमध्ये घालतात, लाईन एक इंच आत येत नाही, आणि हा पीळ कास्ट करून सुटत नाही. वीस फेरे मारले की शंभर पीळ. मग संध्याकाळी गुंता झाला की शिव्या लाईनच्या कंपनीला.

बादलीचा मुद्दा. बंडल पाण्यात तरंगतं, कधी फिरतं, कधी टोकाकडनं सुटतं, कधी उलटं होतं, म्हणजे पीळ कुठल्या बाजूला किती पडला ते देवालाच माहीत. पण त्याहून वाईट म्हणजे बादलीत ताण मिळत नाही. लाईन चढवताना ताण हीच निम्मी गोष्ट आहे. तंगूस, म्हणजे नायलॉनची साधी एकपदरी लाईन, सैल बसला तर पुढच्या कास्टला वेटोळं उडून बाहेर पडतं, आणि ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली लाईन, सैल बसली तर मोठा मासा ओढायला लागला की वरचा वेढा खालच्या थरात रुतून बसतो आणि पुढची कास्ट तिथंच अडकून तुटते, आमिषासकट. माझ्या स्टँडवरची स्प्रिंग फक्त एवढ्यासाठी आहे, बंडलावर दाब ठेवायला. स्टँड नसेल तर घरातल्या कुणालातरी बंडल धरायला बसवा आणि लाईन ओल्या फडक्यातनं चिमटीत धरून जाऊ द्या. ओलंच फडकं, कोरड्यातनं ब्रेड बोट कापते, माझ्या तर्जनीवर खूण आहे.

ब्रेडवरनं आठवलं, मेसेजमध्ये ‘ब्रेड डायरेक्ट स्पूलला बांधा’ असंही एक वाक्य मध्येच आहे. मी बांधली होती. राधानगरीला, रीतसर परवानगी काढून गेलो होतो, मासा लागला आणि ड्रॅग पूर्ण आवळला तरी लाईन सुटतच चाललेली, मी समजलो ड्रॅगचे वॉशर गेले, घरी येऊन रीळ उघडून बसलो, सगळं ठणठणीत. दोन दिवसांनी उजाडलं की ब्रेडचा अख्खा गोळाच स्पूलवर गरागरा फिरत होता, कारण ब्रेड गुळगुळीत, धातूला धरतच नाही. खाली पंधरा-वीस वेढे तंगूस घालून त्याला ब्रेड जोडा, नाहीतर एक चिकटपट्टी लावा. तंगूस दहा-वीस रुपयाचा, मासा गेला तो गेला.

ड्रिल. हे वाचून मी कपाळावर हात मारला. साधं ड्रिल मिनिटाला हजार-बाराशे फेरे मारतं, ते हँडलला लावलं तर पाच-एकच्या हिशोबानं कमान मिनिटाला पाच-सहा हजार वेळा फिरणार, आणि माणूस हातानं कितीही जोर लावला तरी त्याच्या जवळपासही जात नाही. रीळ हाताच्या वेगासाठी केलंय. त्यात त्या वेगाला ताण एकसारखा राहत नाही, पीळ बघायला थांबता येत नाही, आणि फडक्यातल्या घर्षणानं लाईन तापते ते वेगळंच. तंगूस निदान नायलॉन आहे, २०० अंशाच्या वर वितळतो, पण ब्रेड म्हणजे पॉलिथिलीन, ती दीडशेच्या आतबाहेरच वितळते. चढवायला ड्रिल नको म्हणजे नको. उतरवायला मात्र झकास, त्याच्याकडं येतो.

काठोकाठ भरायचं म्हणता? स्पूलचा काठ दोन-तीन मिलीमीटर रिकामा ठेवा. कमी भरलं तर लाईन काठाला घासून कास्ट आखूड पडते हे मेसेजवाल्याचं बरोबर आहे, पण काठाला टेकवली तर एका झटक्यात पाच-सहा वेढे एकदम सुटतात आणि पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता हातात येतो. बास, एवढंच.

उकळतं पाणी. इथं दोन गोष्टींची भेळ केलीय. तंगूस बंडलावर महिनोन् महिने बसून त्याच आकाराचा होतो, स्प्रिंगसारखा, ती त्याची सवय. नायलॉन पाणी पितं आणि ५० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळं कोमट पाण्यात भिजवून ताण देऊन चढवलं तर ही सवय थोडी मोडते, हे खरं आहे. त्याला उकळायची गरज नाही. आणि पीळ ही सवय नव्हे, पीळ म्हणजे लाईन स्वतःभोवती वळलेली असणं, ती किती शिजवली तरी उलगडत नाही, ती उलगडते फक्त एक टोक मोकळं सोडल्यावर. आमिष, गळ, सगळं काढा, माळावर जाऊन साठ-सत्तर मीटर लाईन पसरा आणि ओल्या फडक्यातनं दाबून परत गुंडाळत या, शेवटच्या टोकाला ती स्वतःच गरागरा फिरताना दिसेल. आणि एका पठ्ठ्यानं लाईन काढायचा कंटाळा म्हणून अख्खं रीळच पातेल्यात टाकलं, आतलं ग्रीस वितळून पाण्यावर तवंग आला. त्यानं ते पातेलं बायकोला दाखवलं नाही म्हणे.

राहिलं उतरवणं. ब्लेडनं स्पूलवरच कापायचं हे ज्यानं लिहिलं त्यानं स्पूलचा काठ कधी नखानं चाचपला नसणार, एक बारीक ओरखडा पडला तरी तो पुढच्या प्रत्येक कास्टला लाईन तासत राहतो. बाजारात उतरवायचं छोटं यंत्र मिळतं, पेन्सिल सेलवर चालतं, रबराच्या चाकाला लाईन लावली की भसाभस बाहेर. तेही नको असेल तर इथं ड्रिल काढा: रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणात बोल्ट आवळा, तो ड्रिलमध्ये धरा, बाटलीवर लाईन गुंडाळून घ्या, ड्रॅग ढिला सोडा आणि सावकाश चालवा. आणि ब्रेड असेल तर फेकायची घाईच करू नका. झिजलेले असतात ते वरचे तीस-चाळीस मीटर, खालची बाजू कोरी असते, दुसऱ्या रिळावर घेऊन तीच उलटी चढवली की अजून एक-दोन सीझन निघतात. एवढी महागाची लाईन कापून टाकायला सांगणारा माणूस वर साधनांना लूट म्हणतो.

‘पाण्यात सोडा, कुजते’. नायलॉन आहे मर्दा, चिंध्या नव्हेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी उतरलेलं असताना जाऊन बघा, खांबांना आणि बरग्यांच्या (पाणी अडवायच्या फळ्यांच्या) खाचांना गुंतलेला तंगूस लोंबत असतो, त्यात मागच्या सीझनचाही असतो, त्याच्या आधीचाही. त्यात एकदा एक पाणकावळा अडकलेला आम्ही दोघांनी मिळून सोडवला, एकानं मान धरली, एकानं कात्री, पाय सुजून काळा पडला होता, उडाला पण पुढचं माहीत नाही. नायलॉनच्या मांजावर हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, संक्रांतीला आपणच ते मेसेज पाठवतो, आणि तंगूस म्हणजे तेच नायलॉन, फक्त काच लावलेली नसते. मी उतरवलेली लाईन कात्रीनं वीतभर तुकडे करून दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरतो, गाठ मारतो आणि कचरागाडीत देतो, कारण अखंड टाकली तर कोंडाळ्यावरच्या गाईच्या तोंडात नाहीतर पायात जाते. दहा मिनिटं लागतात, टीव्हीसमोर बसून होतात.

ज्या पाच जणांनी मला तो पाठवला त्या पाचांनाही हे पाठवतोय. कळंब्याच्या त्या दोघांना रविवारी स्टँड घेऊन येतो, तुमची रिळं आणि नवी बंडलं घेऊन या, ओलं फडकं माझ्याकडं आहे.