सकाळचं दूध कुणाचं?

सुन्याने बसताबसताच मुद्दा टाकला : मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीतल्या बायकांच्या हाती पैसा यायचा तर डेअरीची संकलन केंद्रं काढा, विषय संपला.

वैशालीने तिथेच अडवलं. "नुसती केंद्रं काढलीस तर उलटं होईल. केनियात मसाई घरात जनावर नवऱ्याचं, पण दूध बायकोचं. धार ती काढते, वासराला किती सोडायचं ते ती ठरवते. रानटी ऑलिव्हच्या जळत्या काडीने दूध ठेवायचा वाळका, पोकळ भोपळा आतून धुरावते, म्हणून दूध टिकतं. उरलेलं विकून येणारे शिलिंग तिचेच. डेअरी आली की सकाळचं दूध कॅनमध्ये जातं, पैसे महिन्याने जमा होतात, आणि खातं बहुतेकदा नवऱ्याचं. तिच्याकडे उरतं संध्याकाळचं."

"मग खातं तिच्या नावे काढा!"

"काढाच. सभासद करताना गाय कुणाची हे विचारू नका, धार कोण काढतं ते विचारा."

अप्पा म्हणाले, "दुधाचं ठीक आहे, पण चराई गेली तर गाय राहील कुठे? १९६८ च्या कायद्याने ग्रुप रँच झाले, म्हणजे गटाच्या सामाईक मालकीची कुरणं, तेव्हा वहीत नावं चढली ती घरच्या कर्त्या पुरुषांची. पुढे केनियातल्या काजियाडो भागात त्या जमिनीचं वाटप झालं, सातबारा म्हणू असे कागद त्यांनाच मिळाले. कित्येकांनी तुकडे विकले, आणि बायकोला कळलं ते कुंपण पडल्यावर."

"पण २०१६ चा सामुदायिक जमीन कायदा आहे ना?" सुन्याने विचारलं.

"आहे, आणि चांगला आहे. लग्न होऊन आलेली बाई आपोआप त्या समुदायाची सभासद. जमिनीचा कारभार बघणारी समिती ७ ते १५ जणांची, सगळ्या सभासदांच्या सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती. वहीत बायकांची नावं निम्मी असली, तर त्यांच्याशिवाय सभाच भरत नाही. म्हणून आधी नोंदवही तपासायची. आणि सभा धारेच्या किंवा पाणी आणायच्या वेळी ठेवायची नाही. तिथेच बायका गळतात."

"आणि जिथे वाटप होऊन गेलंय?"

वैशाली म्हणाली, "२०१३ च्या वैवाहिक मालमत्ता कायद्यात विक्रीला दोघांची संमती लागते, पण ते कलम एकपत्नी विवाहापुरतं. मसाईंमध्ये दोन-तीन बायका असणं नवं नाही. अशा घरातल्या प्रत्येकीला जमीन नोंदणी कार्यालयात हरकत नोंदवता येते. मात्र विक्रीची नोंद व्हायच्या आत."