‘चार महिन्यांत होते तेही केस गेले’ या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या फाइलमधलं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जाहीर जे लिहिलंय, तेवढ्यालाच धरून बोलते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय 26, हेअर ट्रान्सप्लांटला चार महिने झाले आणि पुढचे केस आधीपेक्षा विरळ दिसतात. दुसऱ्या शहरातल्या एका सेंटरने 4500 ग्राफ्ट (मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके) सांगितले होते, आम्ही 2400 वर थांबलो. कपाळ अजून मोठंच दिसतं. वर गोळ्या ‘माथी मारल्या’, केस ‘मुलींनी’ लावले, बिलात जीएसटी लावला. पैसे परत हवेत.

आधी चार महिन्यांचं. लावलेले केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गळायला लागतात आणि पुढच्या महिनाभरात बहुतेक सगळे जातात. जातो तो वरचा केस, मूळ कातडीखाली जागेवरच असतं. आपल्याकडे भाताची लावणी ज्यांनी केली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. उपटून रोवलेला तरवा आधी पिवळा पडतो, मग धरतो. शिवाय आजूबाजूचे जुने, आधीच बारीक झालेले केसही ऑपरेशनच्या धक्क्याने काही काळ गळतात, त्याला आम्ही शॉक लॉस म्हणतो. म्हणून तिसरा-चौथा महिना आरशात बघायला सगळ्यात वाईट. याच सुमारास नवे केस बारीक, वाकडेतिकडे यायला लागतात, सहाव्या-सातव्या महिन्यात फरक जाणवतो, पुढच्या भागाचा निकाल वर्षाने आणि भोवऱ्याचा कधीकधी दीड वर्षानेही लागतो. ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंटकडून ज्या कागदावर सही घेतो त्यावर हे मराठीत, मोठ्या अक्षरात छापलंय. चौथ्या महिन्यात यश किंवा अपयश, दोन्हीतलं काहीच ठरवता येत नाही. मलाही येत नाही.

आता 4500 आणि 2400. खरा मुद्दा हाच आहे, आणि तो तुमच्यासारख्या पंचवीस-तिशीतल्या प्रत्येक मुलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुरुषी टक्कल पडतं ते डीएचटी या हार्मोनमुळे. कपाळाच्या आणि भोवऱ्याच्या भागातल्या केसांची मुळं जन्मतः त्याला बळी पडणारी असतात, कानांमागची आणि मागच्या पट्ट्यातली बहुतेक नसतात. मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच टिकतो, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी दाखवून दिलं. त्यांनी पहिलं ट्रान्सप्लांट 1952 मध्ये केलं आणि 1959 मध्ये ते प्रसिद्ध केलं. आमचा सगळा व्यवसाय त्या एका गोष्टीवर उभा आहे. पण जिथून ग्राफ्ट काढला तिथे तो पुन्हा उगवत नाही. ट्रान्सप्लांटने एकही केस वाढत नाही, फक्त जागा बदलतो. जाहिरातीत हे वाक्य तुम्हाला दिसणार नाही.

मागच्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण 65 ते 85 ग्राफ्ट असतात, एकेका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस. निम्म्याहून जास्त काढले की मागचं डोकं वाळवी लागल्यासारखं दिसतं. म्हणजे माणसाला आयुष्यभरात मिळून बहुधा पाच-सहा हजार ग्राफ्ट वापरता येतात, कुणाला थोडे जास्त, कुणाला बरेच कमी. आणि टक्कल पूर्ण पसरलं तर उघडी पडणारी जागा दोनशे चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. मूळच्या दाटपणाने ती भरायची तर पंधरा हजारांच्या आसपास ग्राफ्ट लागतील. ते कुणाकडेच नसतात. म्हणून आम्ही पुढच्या भागात चौरस सेंटिमीटरला चाळीसच्या आसपास लावतो. समोरून बघणाऱ्याला तेवढं दाट वाटतं. साठ चौरस सेंटिमीटर जागा धरली तर गुणाकार तुम्हीच करा.

26 व्या वर्षी कुणाचं टक्कल कुठे जाऊन थांबेल हे सांगता येत नाही. वडील आणि मामा दोघांचं डोकं बघायचं, भोवऱ्यातले केस भिंगाखाली बघायचे आणि अंदाज बांधायचा. अशा वयात 4500 ग्राफ्ट एकदम पुढे ओतले तर पस्तिशीत त्यांच्यामागचे, माथ्यावरचे जुने केस गेल्यावर कपाळावर दाट पट्टी, तिच्यामागे उघडं मैदान आणि भरायला शिल्लक काही नाही, अशी अवस्था होते. तसे पेशंट माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी फार काही करता येत नाही.

कपाळाचंही तेच. आम्ही हेअरलाइन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून सात-आठ सेंटिमीटरवर आखतो आणि दोन्ही कोपरे थोडे आत ठेवतो, कारण मोठ्या पुरुषाची हेअरलाइन तशीच असते. बरेच जण आठवीतला फोटो घेऊन येतात. रेघ एक सेंटिमीटर खाली घ्यायची म्हणजे पंधरा सेंटिमीटर रुंदीला सहाशे ग्राफ्ट जादा. तेच सहाशे उद्या भोवऱ्याला हवे असतील. आणि खाली आणलेली रेघ पन्नाशीत वर नेता येत नाही.

ग्राफ्टच्या दराने बिल होतं, म्हणजे जास्त लावले असते तर मलाच जास्त मिळाले असते, हेही जरा लक्षात घ्या.

एका बैठकीत किती करायचं याला आणखी एक कुंपण आहे. भुलीच्या इंजेक्शनचा डोस पेशंटच्या वजनावर ठरतो आणि त्यापलीकडे तो हृदयाला, मेंदूला बाधतो. 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावल्यानंतर मृत्यू झाला होता, पेपरात आलं होतं. तीव्र ॲलर्जीमुळे तसं झालं असावं असं तेव्हा डॉक्टरांनी म्हटलं होतं. तरीही ‘मेगा सेशन’ हा शब्द फ्लेक्सवर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

गोळ्यांबद्दल. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामधले आणि त्यांच्यामागचे, माथ्यावरचे तुमचे जुने केस गळायचे थांबत नाहीत. त्यासाठी फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल ही औषधं. पुरुषी टकलासाठी फिनास्टेराइडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, क्वचित मन उदास होणं असे त्रास होतात. तसं काही वाटलं तर गोळी बंद करून लगेच कळवायचं. घ्यायची की नाही हा निर्णय पेशंटचा. आमच्याकडे औषधाचं दुकान नाही, चिठ्ठी घेऊन कुठल्याही मेडिकलमध्ये जा.

‘मुलींनी लावले’ हे वाचून मात्र राग आला. त्या मुली प्रशिक्षित नर्सेस आहेत. भूल देणं, मागून ग्राफ्ट काढणं आणि पुढे प्रत्येक छेद कुठल्या कोनात, किती खोल द्यायचा हे काम माझं, ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. काढलेले ग्राफ्ट मायक्रोस्कोपखाली वेगळे करणं आणि तयार छेदात बसवणं त्या करतात, मी त्याच खोलीत असते. बसवायला तासन्‌तास स्थिर हात लागतो, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये सांगितलंय की ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायची, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं चालणार नाही. 4500 सांगणाऱ्या सेंटरमध्ये छेद कोण देणार होतं, हे विचारलंत का?

जीएसटी आमच्या मनाचा नाही. आरोग्यसेवेला असलेल्या सवलतीतून हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलंय. अपघात, जन्मजात व्यंग वगैरे कारणं असतील तरच सूट मिळते.

पैसे आत्ता परत मिळणार नाहीत. बारा महिन्यांनी लावलेल्या जागेत उगवण ठरल्यापेक्षा कमी निघाली तर भरपाईचे ग्राफ्ट मोफत लावून देतो, तेही त्या सही केलेल्या कागदावर आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. एक केसाचे, दोन केसांचे, तीन केसांचे ग्राफ्ट किती आणि कुठे लावले याचा तक्ता, ऑपरेशनआधीचे फोटो आणि औषधांची नोंद काउंटरवर मागा. झेरॉक्सचे पैसे लागत नाहीत. त्या डॉक्टरांना मागच्या पट्ट्याची घनता भिंगाने मोजून आकडा लिहून द्यायला सांगा. आमच्याकडे फॉलोअपला याल तेव्हा जेल किंवा केसांची पावडर लावून येऊ नका, फोटो ओल्या केसांचा आणि त्याच दिव्याखाली काढायचा असतो. सोमवार सोडून कधीही या, सकाळी अकरानंतर मी असते.