हिरड्यांची खाज रगडून जात नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे तीनदा आला. तिसऱ्यांदा तो माझ्या ताईने पाठवला, सोबत एक ओळ होती, "तुला त्रास होता ना, हे करून बघ." मेसेज थोडक्यात असा :

"हिरड्यांना खाज सुटते? घाबरू नका. आत साठलेली घाण बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. जाडं मीठ, लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा कालवून रोज दहा मिनिटं हिरड्या जोरात रगडा. रक्त आलं तर येऊ द्या, ते खराब रक्त असतं. ही खाज सी जीवनसत्त्व कमी पडल्याने येते, लिंबाने ते भरून निघतं. डॉक्टरांकडून दात साफ करून घेऊ नका, दात हलायला लागतात. सात दिवसांत खाज कायमची बंद."

ताईला फोनवर उत्तर दिलं, पण घाईत ते अर्धवट राहिलं. हिरड्यांच्या खाजेने मला जवळजवळ दीड वर्ष छळलं आहे आणि त्यातले पहिले सहा महिने मी असल्याच उपायांत घालवले. म्हणून आता मेसेजमधलं एकेक म्हणणं घेऊन सविस्तर लिहिते.

आधी "जोरात रगडा" याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं आणि सगळ्यात जास्त विश्वासही त्याच्यावरच बसतो.

ज्यांना ही खाज कधी झाली नाही त्यांना ती समजावणं अवघड आहे. दुखत नाही, आरशात फारसं काही दिसत नाही, पण दातांच्या मुळाशी आतून कोणी पीस फिरवत असल्यासारखं वाटतं. दिवसा कामात विसर पडतो, रात्री दिवा मालवला की तीच एक जाणीव उरते. मी दातावर दात दाबून धरायची, जिभेने हिरडी घासायची, टूथपिकने टोचायची. सोसवेना तेव्हा बोटावर मीठ घेऊन रगडायची. आणि रगडलं की बरं वाटायचं, हे मी नाकारत नाही. मेसेज इतका पसरतो तो त्यामुळेच. करून बघणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत प्रचीती येते.

पण ते बरं वाटणं कशामुळे, हे पाहायला हवं. साम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये खाजेची व्याख्या केली, ती आजही वापरली जाते : खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी नकोशी संवेदना. खाजवताना आपण तिथे थोडी वेदना निर्माण करतो आणि ती वेदना खाजेचा संदेश काही वेळ दाबून टाकते. मूळ कारण तिथेच असतं. उलट रगडलेल्या, सोललेल्या जागी दाह वाढतो, दाह करणारी द्रव्यं आणखी सुटतात आणि तासाभराने खाज दुप्पट होऊन परत येते. मग माणूस आणखी जोर लावतो. अंगावरच्या खाजेचं हे चक्र सगळ्यांना ठाऊक असतं, हिरडीच्या बाबतीत मात्र ते आपल्या लक्षात येत नाही.

हिरडीचं आणखी एक वेगळेपण आहे. हाताची कातडी खरवडली तर काही दिवसांत भरून येते. दातावरून मागे सरकलेली हिरडी आपोआप पुन्हा वर चढत नाही. ती सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, नसतं, त्यामुळे ते घासलं जातं, गार-गरम झोंबायला लागतं, तिथे कीडही लवकर धरते. माझ्या खालच्या दोन दातांची मुळं अशी उघडी पडली आहेत. ती त्या सहा महिन्यांची कमाई.

आता "आतली घाण बाहेर पडते" हे म्हणणं. खाज सुटते तेव्हा हिरडीतून काहीही बाहेर पडत नसतं. घाण असतेच, पण ती दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर, बाहेरून बसलेली असते. तिला प्लाक म्हणतात : जिवाणूंचा चिकट, पांढुरका थर. या थराचा आणि हिरडीच्या दाहाचा संबंध डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या प्रयोगातून दाखवला, तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला. पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. त्यात रगडणं नव्हतं, रक्त काढणं नव्हतं, फक्त थर निघाला होता.

तो वेळीच निघाला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि तो दगडासारखा कडक होतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात जास्त साठतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथे जवळच उघडतात. कीटण ब्रशने निघत नाही, मिठाने निघत नाही, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक आणखी सहज बसतो. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दाह आत उतरला की ती ४ मिलिमीटर किंवा जास्त होते आणि खालचं हाड झिजायला लागतं. नुसता हिरडीचा दाह पूर्ण बरा होतो, झिजलेलं हाड मात्र सहसा परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार या आजाराची तीव्र अवस्था असलेले लोक जगात १०० कोटींहून जास्त आहेत. खाजेला "शुभ खूण" समजून वाट पाहणं किती महागात पडू शकतं, ते यावरून दिसेल.

पण प्रत्येक खाज प्लाकमुळेच असते असंही नाही, आणि मेसेजची खरी चूक मला इथे दिसते. तो सगळ्यांच्या खाजेला एकच कारण चिकटवतो. प्रत्यक्षात कारणं बरीच आहेत. टूथपेस्टमधला स्वाद किंवा फेस आणणारं द्रव्य सोसत नसेल, माउथवॉश झोंबत असेल, परागकणांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना काही कच्ची फळं खाल्ल्यावर तोंडात खाज येते. नवीन कवळीच्या प्लास्टिकची किंवा दातांच्या तारेतल्या निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते. रात्री कवळी न काढणाऱ्यांना तिच्याखाली बुरशीचा संसर्ग होतो. तोंड कोरडं पडलं तरी हिरड्या हुळहुळतात, आणि तोंड कोरडं पाडणाऱ्या औषधांत अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्याही येतात. म्हणजे खाजेवर स्वतःच्या मनाने अशी गोळी घेत राहिलं, तर नव्या त्रासाची भर पडू शकते. गरोदरपण, रजोनिवृत्ती, झोपेत दात आवळण्याची सवय, अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ, मधुमेह, काही औषधांमुळे सुजणाऱ्या हिरड्या, नागिणीच्या कुळातल्या विषाणूचे फोड उठण्याआधीची चुणचुण, अशी यादी बरीच लांबते. यातल्या कोणत्या कारणावर मीठ आणि लिंबू रगडायचं?

"खराब रक्त" हा प्रकार एका परिच्छेदात संपवते. हिरडीतून येणारं रक्त तेच असतं जे बोट कापल्यावर येतं. दाहामुळे तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून नाजूक झालेल्या असतात, म्हणून ते सहज येतं. ते वाहून गेल्याने काही शुद्ध होत नाही. उलट टोकाची चूकही लोक करतात : रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचंच सोडून देतात, आणि प्लाक आणखी वाढतो. तिथे मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण रोज घासायचंच असतं. धूम्रपान करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तंबाखूच्या धुरामुळे हिरड्यांमधून रक्त येण्याचं प्रमाण दबून राहतं. त्यामुळे रक्त येत नाही म्हणजे हिरड्या ठणठणीत, असा अर्थ त्यांनी काढू नये.

आता ते मिश्रण. लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण २ ते २.५ असतो. पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, उघडं पडलेलं मूळ तर त्याआधीच. त्यावर मिठाचे खडे रगडायचे म्हणजे मऊ पडलेल्या भिंतीवर कानस चालवण्यासारखं आहे. गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. सोडा एकटा तसा सौम्य असतो. पण लिंबू आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे येतात, आणि लोकांना वाटतं की घाण फुटून निघतेय. तो फक्त कार्बन डायऑक्साइड वायू असतो. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवत असतात, कीटणाला त्याने काहीही होत नाही.

मिठाबद्दल एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पूर्ण विरघळवून हलक्या चुळा भरल्या, तर सुजलेल्या हिरडीला काही दिवस आराम मिळतो. खुद्द दंतवैद्य तसं सुचवतात. तेवढं घ्यावं, खडे रगडणं सोडावं. लवंगेच्या तेलाचंही असंच. त्यातलं युजेनॉल जागा बधिर करतं, पण तेल तसंच्या तसं लावलं तर हिरडी भाजते, आणि काहींना युजेनॉलचीच अ‍ॅलर्जी असते. मी ते लावलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथली कातडी पांढरी होऊन सोलली.

सी जीवनसत्त्वाचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो फसवतो. या जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होतो, त्यात हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरांनी १७४७ मध्ये आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे सगळ्यात लवकर सुधारले. पण त्यांनी ती खाल्ली होती, हिरड्यांवर घासली नव्हती. स्कर्व्ही टाळायला दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व पुरतं. फळं-भाज्या खाणाऱ्या माणसाच्या पोटात त्याहून बरंच जास्त जातं. शिवाय स्कर्व्ही आला तर तो एकट्या हिरडीत येत नाही, थकवा, सांधेदुखी, अंगावर रक्ताचे ठिपके हेही सोबत येतात.

"दात साफ केल्याने हलतात" या भीतीने मी स्वतः सहा महिने थांबले, त्यामुळे तिला मी हसणार नाही. होतं ते असं. वर्षानुवर्षं साठलेलं कीटण दातांच्या फटी भरून टाकतं. हाड झिजून दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने ते एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. ते काढलं की आधीचं सैलपण जाणवतं, फटी दिसतात, सूज उतरल्याने दात लांब वाटतात. दोष साफ करण्यावर येतो. दात साफ करण्याच्या यंत्राची टोकं अतिशय वेगाने थरथरतात, कीटण फोडतात, सोबत पाणी सोडलेलं असतं. नंतर काही दिवस गार पाणी झोंबतं, तेही ओसरतं.

माझ्या दंतवैद्य बाईंनी खालच्या दातांमागून जे काढलं ते पाहून मला लाज वाटली. त्या मात्र एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. महिन्याभरात खाज अर्ध्यावर आली. पूर्ण गेली नाही.

म्हणून शेवटचं म्हणणं, "सात दिवसांत कायमची बंद". उरलेल्या अर्ध्या खाजेसाठी बाईंनी मला वही ठेवायला सांगितली. खाज कधी आली, कोणत्या बाजूला, त्याआधी दोन तासांत तोंडात काय गेलं. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहून त्यांनी विचारलं, "टूथपेस्ट कधी बदललीत?" खाज सुरू झाल्यावर, ती जावी म्हणूनच, मी दालचिनीच्या स्वादाची एक झणझणीत पेस्ट आणली होती. दालचिनीचा तो स्वाद तोंडाच्या अ‍ॅलर्जीचं जुनं, माहितीतलं कारण आहे. साधी, बिनस्वादाची पेस्ट सुरू केली आणि पुढच्या तीन आठवड्यांत उरलेली खाज गेली. दोन कारणं एकावर एक बसली होती. एकच उपाय धरून बसले असते तर दुसरं कारण कधीच सापडलं नसतं.

ताई, तुझ्या हिरड्या हल्ली शिवशिवतात हे तू फोनवर जाता जाता बोललीस, म्हणून हे तुझ्यासाठी. आज रात्री खाज आली तर गार पाण्याच्या चुळा भर, किंवा बर्फाचा खडा स्वच्छ कापडात गुंडाळून ओठाच्या बाहेरून धर. टोचू नकोस. मऊ ब्रश घे, हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि दातांच्या फटी वेगळ्या साफ कर. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश स्वतःहून महिनोन्‌महिने वापरू नकोस, त्याने दातांवर डाग पडतात आणि चव बिघडते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा दिसला तर तपासून घे. आणि खाजेसोबत ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठ, सकाळची वाट पाहू नकोस.

वही मी तुला पाठवतेय. माझ्या नोंदींनंतरची पानं कोरी आहेत. तारीख घालून आजपासूनच लिहायला घे, आणि दंतवैद्याकडे जाताना ती सोबत ने.